टाके निघाले तरी दिसेना : जखमी डोळ्याला लेन्सने दृष्टी मिळण्याचे एक प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे वय, कामाचे ठिकाण आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

रुग्ण ३१ वर्षांचा, पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका लहान फॅब्रिकेशन कारखान्यात फिटर. छन्नीने वेल्डिंगचा जोड सोडवताना लोखंडाची कपची उडाली आणि डाव्या डोळ्यात घुसली. कपची पत्र्याची नव्हती, छन्नीचीच होती. ठोकून ठोकून छन्नीचे डोके पसरते, कडा फाटतात आणि एखाद्या घावासरशी तो तुकडा गोळीच्या वेगाने सुटतो. अशा छन्नीचे डोके ग्राइंडरवर वेळच्या वेळी घासून घ्यायचे असते, एवढे साधे काम राहून गेले होते. गॉगल खुंटीला होता.

सोबत्यांनी एक गोष्ट चांगली केली. डोळा धुतला नाही, चोळू दिला नाही, कसलेही थेंब टाकले नाहीत. कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावली आणि थेट रुग्णालय गाठले. आरपार जखम झालेल्या डोळ्यावर पाणी मारले किंवा पट्टी आवळली तर आतला ऐवज जखमेवाटे बाहेर येऊ शकतो.

जखम कॉर्नियावर, म्हणजे बाहुलीपुढच्या पारदर्शक पटलावर होती. लांबी सुमारे ५ मिलिमीटर, खालच्या बाहेरच्या बाजूने सुरू होऊन बाहुलीच्या कडेपर्यंत. सीटी स्कॅनमध्ये कपची नैसर्गिक भिंगात अडकलेली दिसली. लोखंडाचा संशय असताना एमआरआय करत नाहीत, कारण चुंबकाने तुकडा आत सरकू शकतो. त्याच रात्री १०-० नायलॉनचे (केसाहून बारीक धाग्याचे) पाच टाके घालून जखम बंद केली आणि डोळ्याच्या आत प्रतिजैविके दिली. दहा दिवसांनी, तोवर पांढरे पडलेले भिंग आणि त्यातली कपची एकत्रच काढली. भिंगाची मागची पिशवी फाटलेली होती, डोळ्यात सूजही होती, म्हणून कृत्रिम भिंग बसवले नाही. तो निर्णय योग्यच होता. टाके असलेल्या, वाकड्या झालेल्या कॉर्नियाचे माप घेऊन भिंगाचा नंबर ठरवणे म्हणजे अंदाजपंचे काम.

नेमकी अडचण

साडेचार महिन्यांत टप्प्याटप्प्याने सगळे टाके निघाले. डोळा शांत, लाली नाही, डोळ्यातला दाब १५ म्हणजे ठीक, मागचा पडदा व्यवस्थित. तरी चष्म्याचा नंबर काढल्यावर +११ च्या आसपास गोल नंबर आणि ४ चा सिलिंडर (एका दिशेचा वाकडेपणा पुसणारा नंबर) लावूनही ६/३६ च्या पुढे, म्हणजे निरोगी डोळा ३६ मीटरवरून वाचतो ती ओळ ६ मीटरवरून, याच्या पुढे वाचता येईना. "डॉक्टर, डोळा तर बरा झाला म्हणता, मग दिसत का नाही?" हा त्याचा प्रश्न रास्त होता.

इथे दोन वेगवेगळे दोष एकात एक मिसळले होते. पहिला दोष भिंग नसण्याचा. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर (प्रकाश वळवण्याच्या ताकदीचे एकक) ताकदीपैकी दोन तृतीयांश कॉर्निया देतो आणि उरलेली भिंग. भिंग गेले की मोठा अधिक नंबर लागतो. दुसरा दोष पृष्ठभागाचा. जखम भरताना कॉर्निया एका जागी सपाट झाला, शेजारी उंच झाला. कॉर्नियाच्या नकाशात एका अक्षावर ३९.२५ आणि दुसऱ्यावर ४७.०० डायॉप्टर, आणि हे दोन अक्ष काटकोनातही नव्हते. सिलिंडरची काच फक्त काटकोनातला, नियमित दोष पुसते. असला वेडावाकडा दोष तिच्या आवाक्याबाहेरचा असतो.

पहिला दोष चष्म्याला पुसता येतो, दुसरा येत नाही. पण तपासताना फक्त ६/३६ हा एक आकडा समोर येतो आणि दोष जखमेच्या डागाच्या किंवा पडद्याच्या माथी मारला जातो. एका ठिकाणी त्याला "कॉर्निया बदला, नाहीतर आहे तसे राहू द्या" असे सांगितलेही गेले होते.

पहिला निर्णय : आधी पाच मिनिटांची चाचणी

त्याच्या जुन्या कागदांत एक नोंद होती : चष्म्याच्या नंबरापुढे बारीक छिद्राची चकती धरल्यावर ६/१८. छिद्रातून दृष्टी सुधारते तेव्हा दोष बहुधा प्रकाश वळवणाऱ्या भागांत असतो, मागच्या पडद्यात नाही. या नोंदीवर पुढे कुणी काही केले नव्हते.

पुढची पायरी म्हणजे डोळ्यात टणक ट्रायल लेन्स ठेवून तिच्यावर नंबर काढणे. टणक लेन्स कॉर्नियाचा आकार घेत नाही. तिच्यामागे अश्रूंचा थर साचतो आणि खाचखळगे भरून काढतो. अश्रूंचा अपवर्तनांक १.३३६, कॉर्नियाचा १.३७६. दोन्ही इतके जवळ आहेत की पुढच्या पृष्ठभागाचा सुमारे नव्वद टक्के वाकडेपणा प्रकाशापुरता नाहीसा होतो. भूल देणारा एक थेंब टाकून ७.८० मिलिमीटर वक्रतेची लेन्स ठेवली, वर नंबर लावला, आणि त्याने ६/९ ची ओळ अडखळत वाचली.

या पाच मिनिटांत कॉर्निया बदलण्याचा विषय मागे पडला. पडदा ६/९ इतके पाहू शकतो आणि डाग आड येत नाही हे सिद्ध झाले. आमच्या मते जखमी कॉर्नियाला प्रत्यारोपणाच्या यादीत घालण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे. ती न करता दिलेला सल्ला अर्धवट आहे.

त्याच भेटीत आणखी दोन मापे घेतली आणि पुढे तीच निर्णायक ठरली. कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी : उजव्या डोळ्यात दर चौरस मिलिमीटरला २,७५०, डाव्यात १,६००. कॉर्नियाची मधली जाडी : ५४८ मायक्रॉन. या पेशी कॉर्नियातले पाणी उपसून त्याला पारदर्शक ठेवतात आणि माणसात त्या नव्याने तयार होत नाहीत. १,६०० वर डोळा चालतो, पण कमी ऑक्सिजन सोसण्याची त्याची शिल्लक घटलेली असते.

कोणते पर्याय होते

चष्मा : एका डोळ्याला +११ ची काच दिली की त्या डोळ्यातली प्रतिमा २५ ते ३० टक्के मोठी होते. मेंदू साधारण ५ टक्के फरक कसाबसा जुळवतो. दुसरा डोळा उत्तम असताना हा चष्मा चालत नाही, वस्तू दोन दिसतात.

मऊ लेन्स : प्रतिमेचा फरक ७ ते ९ टक्क्यांवर येतो, हे चांगले. पण मऊ लेन्स खडबडीत कॉर्नियावर तशीच लपेटते आणि वाकडेपणा वरच्या बाजूला उमटवते. चाचणीत ६/२४.

आता कृत्रिम भिंग : पिशवी नसल्याने ते डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला अडकवावे लागले असते. त्याने +११ चा प्रश्न सुटतो, पृष्ठभागाचा नाही. शस्त्रक्रियेनंतरही टणक लेन्स लागणारच, हे रुग्णाच्या थोरल्या भावाला दोनदा समजावून सांगावे लागले. 'भिंग बसवले की दिसेल' ही समजूत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे घरोघरी पक्की आहे. हा पर्याय रद्द केला नाही, पुढे ढकलला.

कॉर्निया प्रत्यारोपण : ६/९ दिसू शकणाऱ्या डोळ्याला याची गरज नव्हती. शिवाय पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणाचा जोड आयुष्यभर कमजोर राहतो, नाकारले जाण्याची टांगती तलवार असते आणि त्यानंतरही पुष्कळांना टणक लेन्स लागतेच. हातोड्याचे काम करणाऱ्या तिशीतल्या माणसाला तर हा शेवटचाच पर्याय.

उरल्या दोन टणक लेन्स. कॉर्नियावर बसणारी लहान आरजीपी (ऑक्सिजन जाऊ देणारी टणक लेन्स), जिला दुकानांत 'सेमी-सॉफ्ट' म्हणतात. आणि कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर विसावणारी मोठी स्क्लेरल लेन्स. आरजीपी पापणीच्या उघडझापीबरोबर हलते, मागचे अश्रू बदलतात, ऑक्सिजन भरपूर मिळतो आणि ती बरीच स्वस्त. स्क्लेरल स्थिर बसते, धूळ आत जात नाही, पण तिच्यामागचे पाणी जवळजवळ अडकून पडते. पेशींचा आकडा १,६०० असल्याने आधी आरजीपी करून पाहायचे ठरले.

पहिला प्रयत्न : आरजीपी

शेवटचा टाका निघाल्यावर सहा आठवडे थांबलो आणि चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नकाशे अर्ध्या डायॉप्टरच्या आत जुळल्यावरच लेन्स मागवली. टाका काढला की कॉर्नियाचा आकार बदलतो. घाईने बनवलेली लेन्स महिन्याभरात वाया जाते.

लेन्स १०.२ मिलिमीटर व्यासाची. मोठ्या अधिक नंबराच्या लेन्सचे पोट जाड असते, तिचा गुरुत्वमध्य पुढे जातो आणि ती खाली घसरते. म्हणून कडेला उलट, वजा नंबरासारखा जाड होत जाणारा पट्टा मागवला. वरची पापणी त्या कडेला धरून लेन्स उचलून ठेवते.

दृष्टी ६/९ मिळाली, पण लेन्स काही टिकली नाही. जखमेची उंच कड नेमकी खालच्या बाहेरच्या बाजूला होती. घसरलेली लेन्स तिथेच टेकायची आणि तीन-चार तासांनी त्या कडेवर फ्लुरोसिन या चमकत्या रंगद्रव्याचा हिरवा डाग उमटायचा, म्हणजे वरचा थर खरवडला जात होता. वक्रता बदलून दुसरी लेन्स केली तेव्हा ती मध्यावर आली, पण खाली हवेचा बुडबुडा राहू लागला. दरम्यान तो हलक्या कामावर रुजू झाला होता आणि ग्राइंडिंगची धूळ लेन्सखाली जाऊन डोळा बंद पडत होता. कामावर दोनदा लेन्स निघून पडली, एकदा सापडलीच नाही.

मऊ लेन्सवर आरजीपी ठेवण्याची जोडलेन्सची युक्तीही पाहिली. खरवडणे थांबले, धूळ थांबली नाही. दोन वेगळ्या लेन्सची दोन वेगळी निगा तो सांभाळील अशी खात्रीही वाटली नाही. दोन महिन्यांनी आरजीपी सोडली.

दुसरा प्रयत्न : स्क्लेरल

अशा लेन्स बसवण्याची सोय हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या किंवा चेन्नईच्या शंकर नेत्रालयासारख्या मोठ्या संस्थांत आहे. आता पुण्या-मुंबईतही ती मिळते. किंमत आरजीपीच्या कितीतरी पट. इथे कारखाना-मालकाने निम्मा खर्च उचलला, नाहीतर निर्णय पैशावरच अडला असता.

ट्रायल लेन्सचा व्यास १६.५ मिलिमीटर. लेन्सच्या वाटीत टिकवणारी रसायने नसलेले सलाइन काठोकाठ भरून त्यात फ्लुरोसिन मिसळले, मान खाली घालून चेहरा जमिनीला समांतर ठेवायला लावला आणि लेन्स बसवली. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधले लगेचचे अंतर पाहून समाधान मानायचे नसते. मऊ ऊतीत रुतून लेन्स काही तासांत साधारण १०० मायक्रॉन खाली येते. चार तासांनंतर मध्यभागी २७० मायक्रॉन आणि जखमेच्या उंच कडेवर २०० मायक्रॉन उरले. स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) लेन्सच्या जाडीशी तुलना करून हे अंतर अंदाजता येते, पण त्या ट्रायल लेन्सची खरी जाडी माहीत हवी. आमच्याकडे पुढच्या भागाचा ओसीटी (प्रकाशाने थरांचा छेद दाखवणारे यंत्र) होता, त्यावर पडताळले.

नंबर काढताना एक चूक सर्रास होते, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. ट्रायल संचातल्या लेन्स बहुधा शंकूच्या आकाराच्या कॉर्नियासाठी, वजा नंबराच्या असतात. आमची होती −२.००. तिच्यावर ट्रायल फ्रेममध्ये +१२.०० लागले. सरळ बेरीज केली तर +१०.०० येते, आणि ती चूक आहे. फ्रेमची काच डोळ्यापासून १२ मिलिमीटर दूर असते. +१२.०० भागिले (१ वजा ०.०१२ गुणिले १२) म्हणजे डोळ्यावर +१४.००. त्यातून २ वजा केले की खरी मागणी +१२.००. पूर्ण दोन डायॉप्टरचा फरक.

पहिली स्क्लेरल लेन्स आली. दृष्टी ६/९, धूळ नाही, खरवडणे नाही, दिवसभर आराम. रुग्ण खूश. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला की संध्याकाळी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. आठ तासांच्या वापरानंतर कॉर्नियाची जाडी मोजली : ५४८ ची ५७८ झाली होती. साडेपाच टक्के सूज.

ऑक्सिजनचा हिशेब

इथे खरा पेच होता. आराम आणि दृष्टी दोन्ही उत्तम असताना लेन्स नाकारायची कशी? पण १,६०० पेशींवर रोज साडेपाच टक्के सूज म्हणजे उधारीवर दृष्टी.

कारण आकड्यांत स्पष्ट होते. लेन्सची सामग्री १०० डीकेची (डीके म्हणजे सामग्रीतून ऑक्सिजन किती झिरपतो याचे माप, म्हणजेच पारगम्यता), मधली जाडी ०.४८ मिलिमीटर, त्यामागे ०.२७ मिलिमीटर पाणी, आणि पाण्याची पारगम्यता सुमारे ८०. दोन्ही थरांचा अडथळा जोडला की कॉर्नियापर्यंतची एकूण पोहोच १२ एककांच्या आसपास येते. उघड्या डोळ्याला सूज येऊ नये म्हणून होल्डन आणि मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये सुचवलेली किमान पातळी २४ आहे. आम्ही तिच्या निम्म्यावर होतो.

तीन बदल केले. सामग्री १६० डीकेची घेतली. पुढच्या पृष्ठभागावरचा नंबरी भाग (ज्यातून दिसते तो मधला भाग) ८ ऐवजी ७ मिलिमीटर ठेवला, त्याने जाडी ०.४३ वर आली. आणि वाटीची खोली सुमारे ९० मायक्रॉनने कमी करून स्थिरावल्यावरचे अंतर मध्यभागी १८० आणि उंच कडेवर ११० मायक्रॉन ठेवले. हिशेब २० वर आला. २४ नव्हे, पण भिंग नसलेल्या डोळ्याला यापेक्षा पातळ लेन्स होत नाही. आठ तासांनंतरची जाडी ५६१, म्हणजे सूज सव्वादोन-अडीच टक्के. रंगीत कडी गेली. वापर दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, मध्ये जेवणाच्या सुट्टीत लेन्स काढून नवे सलाइन भरायचे, असे ठरले.

त्या सुट्टीचा दुसराही उपयोग झाला. चार-पाच तासांनी लेन्समागच्या पाण्यात गढूळपणा साचून धुरकट दिसत होते. कडेचा एक भाग पांढऱ्या भागावरून किंचित उचललेला होता. तिथली वक्रता दोन अक्षांवर वेगळी करून घेतल्यावर हे बरेच कमी झाले.

घालणे, काढणे आणि काय बिघडले

लेन्स काढण्याची पद्धत शिकवायला घालण्यापेक्षा जास्त वेळ दिला. रबरी चूषक लेन्सच्या मध्यावर लावून ओढला तर लेन्समागे पोकळी होऊन कॉर्निया पुढे खेचला जातो. भरलेल्या जखमेवर हे धोक्याचे. आधी सलाइनचे दोन थेंब, खालच्या पापणीच्या कडेने लेन्सची कड दाबून हवा आत घ्यायची, मग चूषक खालच्या कडेजवळ लावून वर आणि बाहेर उचलायचे. डबी, चूषक आणि लेन्स यांना नळाचे पाणी लावायचे नाही. नळाच्या पाण्यातला अकॅन्थअमीबा कॉर्नियाचा जो संसर्ग करतो, तो महिनोन्‌महिने हटत नाही.

सहाव्या आठवड्यात डोळा लाल झाला. चौकशीत कळले की सलाइनची एकदा वापरायची कुपी उघडून उरलेले दुसऱ्या दिवशी वापरले जात होते. दहा मिलिलिटरच्या कुपीतले अर्धे फेकणे त्याच्या जिवावर येत होते. संसर्ग झाला नव्हता. पाच दिवस लेन्स बंद ठेवली आणि कुपी पाच मिलिलिटरची करून दिली. शिकवणी पुन्हा देण्यापेक्षा कुपी बदलणे जास्त कामाला आले.

वर्षानंतर

लेन्ससह डाव्या डोळ्याची दृष्टी ६/९. ६/६ नाही, कारण कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचा वाकडेपणा अश्रूंचा थर पुसत नाही. अक्षरांना पुसट सावली राहते. पहिले तीन आठवडे दोन-दोन दिसत होते. वापरात नसलेला डोळा किंचित बाहेर सरकला होता. ते आपोआप जुळले. हीच वेळ काही वर्षांनी आली असती तर जुळलेच असते असे नाही. प्रौढांतही दीर्घकाळ बंद राहिलेल्या डोळ्याला दृष्टी परत दिल्यावर न हटणारी दुहेरी प्रतिमा राहिल्याची उदाहरणे आहेत.

खोलीची जाणीव ढोबळ, पण आहे. मार्किंगच्या टेबलावर पंच नेमका ठेवता येतो, जिना उतरताना पाय चुकत नाही. भिंग नसल्याने डावा डोळा जवळचे पाहू शकत नाही. व्हर्नियर वाचायचे काम उजवा डोळा करतो आणि त्याला तेवढे पुरते. कामावर पॉलिकार्बोनेटचा बाजूने बंद गॉगल सक्तीचा, लेन्स असो वा नसो. पेशींचा आकडा १,५६०, मोजणीतल्या चुकीच्या मर्यादेत स्थिर. बाहुली जखमेकडे ओढलेली असल्याने उन्हात चकाकी लागते. त्यावर गॉगलच्या काचेला रंग दिला, एवढेच.

वेगळे काय करता आले असते

टणक लेन्सची चाचणी सहाव्या महिन्यापर्यंत थांबायला नको होती. टाके असतानाही, ते सैल नसतील तर, दोन-चार मिनिटांसाठी ट्रायल लेन्स ठेवता येते. तिसऱ्या महिन्यात ती झाली असती तर 'कॉर्निया बदला' हे ऐकून घरात जे दोन महिने गेले ते टळले असते.

आरजीपीवरचे दोन महिने मात्र वाया गेले असे आम्ही मानत नाही. धुळीचे काम आणि उंच कड पाहता ती टिकणार नाही असा अंदाज अनुभवी हाताला आधीच आला असता, हे खरे. पण ऑक्सिजनच्या दृष्टीने सुरक्षित पर्याय आधी संपवल्यामुळेच स्क्लेरलची मर्यादा रुग्णाने मान्य केली. आठ तासांचे बंधन त्याने पाळले ते याचमुळे.

पहिली स्क्लेरल मागवतानाच ऑक्सिजनचा हिशेब करायला हवा होता. १०० डीकेची सामग्री नेहमीच्या वजा नंबरांना पुरते म्हणून सवयीने घेतली गेली. भिंग नसलेला डोळा असेल तर जास्तीत जास्त पारगम्यता, लहान नंबरी भाग आणि कमी पाणी हे पहिल्याच मागणीपत्रकावर असावे.

कृत्रिम भिंगाचा निर्णय अजून बाकी आहे. ते बसवले आणि त्याच वेळी बाहुली शिवून गोल केली तर लेन्सचा नंबर शून्याजवळ येईल, मधली जाडी जवळपास निम्मी होईल आणि ऑक्सिजनची पोहोच २४ च्या वर जाईल. उलट बाजूने, प्रत्येक शस्त्रक्रिया काही पेशी घेऊन जाते. सध्या ठरले ते असे : दर सहा महिन्यांनी पेशी आणि आठ तासांनंतरची जाडी मोजायची. आकडा १,४०० च्या खाली गेला किंवा सूज चार टक्क्यांवर चढली, तर लेन्सचे तास आधी कमी करायचे आणि भिंगाची तारीख घ्यायची.